दूध तोडलेली पिल्ले, हगवण आणि खाद्यातील जस्त

वाचकाचे पत्र : आमच्याकडे डुकराची पिल्ले चार आठवड्यांची झाली की आईपासून तोडली जातात. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत बऱ्याच पिल्लांना हगवण लागते. खाद्य पुरवणाऱ्यांनी खाद्यात किलोमागे २५०० मिलिग्रॅम जस्त मिळेल इतके झिंक ऑक्साइड मिसळून ते विक्रीपर्यंत चालू ठेवायला सांगितले आहे. जस्तामुळे रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढतात, असे ते म्हणतात. आम्ही दोन आजारी पिल्लांचे रक्त तपासून घेतले, तर त्यात जस्त कमी निघाले. शिवाय तीन महिन्यांच्या काही डुकरांच्या पायांवर आणि पोटाखाली जाड खपल्या धरल्या आहेत. जस्ताचा या पेशींवर खरोखर परिणाम होतो का, आणि ते किती व किती दिवस द्यावे?

सप्रेम नमस्कार.

विक्रीपर्यंत २५०० मिलिग्रॅम हा सल्ला आपण मानू नये, हे मी आधीच स्पष्टपणे सांगतो. जस्ताचा रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम होतो, तो खोलवर होतो आणि डुकरांमध्ये तो फार पूर्वीपासून पाहिला गेला आहे. परंतु जितके जस्त जास्त तितकी प्रतिकारशक्ती अधिक, असा तो परिणाम नाही. जस्त कमी पडले की या पेशी घटतात आणि दुबळ्या होतात, पुरेसे मिळू लागले की त्या पूर्ववत होतात, आणि गरज भागल्यानंतर आणखी दिलेले जस्त त्यांना अधिक बलवान करत नाही. फार दिवस फार मोठी मात्रा दिली, तर काही पेशींचे काम उलट मंदावते. आपल्या पत्रातील हगवण, रक्ताचा अहवाल आणि खपल्या या तीन गोष्टींची उत्तरे एकमेकांपासून वेगळी आहेत आणि ती एकाच पोत्यातून मिळणार नाहीत.

डुकरांना जस्ताची गरज किती मोठी असते, हे १९५५ मध्ये टकर आणि सॅमन या संशोधकांनी दाखवून दिले. त्या काळी वाढत्या डुकरांच्या कातडीवर जाड, कोरड्या, भेगाळलेल्या खपल्या येत, त्यांची वाढ खुंटत असे, आणि हा संसर्ग असावा की आहारातील दोष, याविषयी एकमत नव्हते. खाद्यात थोडेसे जस्त मिसळल्यावर ही जनावरे बरी झाली आणि पॅराकेराटोसिस नावाचा हा विकार जस्ताच्या अभावाचा आहे, हे सिद्ध झाले. माणसातील जस्ताच्या कमतरतेकडे आनंद प्रसाद यांनी इराणमधील खुंटलेल्या वाढीच्या तरुणांवरून लक्ष वेधले ते १९६१ मध्ये, म्हणजे या विषयात डुकरांवरील ज्ञान पुढे होते. पुढे पिल्लांना मुद्दाम जस्तहीन आहार देऊन केलेल्या प्रयोगांत कातडीबरोबर आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे त्यांची थायमस ग्रंथी आकसली होती. मानेपासून छातीपर्यंत पसरलेल्या या ग्रंथीत टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, तयार होऊन परिपक्व होतात. म्हणून ती आकसणे म्हणजे प्रतिकारशक्तीच्या उगमालाच धक्का लागणे होय.

असे का होते, हे समजून घेतले तर मात्रेचा प्रश्न आपोआप सोपा होतो. जस्त शेकडो विकरांना (एन्झाइमांना) आणि जनुकांचे नियमन करणाऱ्या असंख्य प्रथिनांना आकार व कार्य देते, त्यामुळे पेशी-विभाजन त्याच्याशिवाय चालत नाही. जंतू शिरल्यावर टी व बी पेशींना काही दिवसांत एकीच्या हजारो व्हावे लागते. साहजिकच जस्ताचा तुटवडा त्यांना सर्वांआधी जाणवतो. शरीरातील बहुतेक जस्त स्नायू आणि हाडे यांत बांधलेले असते आणि लोह जसे यकृतात साठते व लागेल तेव्हा वापरता येते, तशी जस्ताची मोठी शिल्लक शरीराजवळ नसते. त्यामुळे खाद्यातून ते जवळजवळ रोज मिळत राहावे लागते.

थायमसमधून थायम्युलिन नावाचे एक छोटे संप्रेरक स्रवते आणि टी-पेशींच्या परिपक्वतेला ते मदत करते. त्याच्या प्रत्येक रेणूला जस्ताचा एक अणू जोडलेला असेल तरच ते कार्यक्षम असते. परिपक्व झालेल्या टी-पेशीलासुद्धा जस्त लागते. तिच्या पृष्ठभागावरील सीडी-४ किंवा सीडी-८ हे प्रथिन आणि आतील एलसीके हे विकर यांना एकत्र धरून ठेवणारा दुवा जस्ताचा असतो, आणि तो दुवा नसेल तर जंतू समोर दिसूनही आतपर्यंत संदेश नीट पोहोचत नाही. संदेश कमजोर झाला की पेशींना वाढायला सांगणारे इंटरल्युकिन-२ हे प्रथिन कमी तयार होते आणि या पेशींची संख्या वाढण्याचा वेग घटतो. बी-पेशींच्या बाबतीत फटका अस्थिमज्जेत बसतो, कारण तेथील अपरिपक्व पेशी जस्ताच्या अभावात मोठ्या संख्येने मरतात आणि पुढे प्रतिपिंडे बनवण्यासाठी पुरेसे मनुष्यबळ उरत नाही. यातील पेशींच्या आतले बरेचसे तपशील उंदरांवरील आणि माणसांच्या पेशींवरील प्रयोगांतून आले आहेत. परंतु ज्या प्रथिनांविषयी आपण बोलत आहोत ती डुकरातही आहेत, आणि थायमस आकसणे, लिम्फोसाइट (लसिका पेशी, म्हणजे टी व बी पेशी) घटणे हे परिणाम डुकरांत प्रत्यक्ष पाहिले गेले आहेत.

न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण आपल्या रक्ततपासणीचे उत्तर तिच्यात आहे. जस्त कमी असेल तर या पेशी संसर्गाच्या जागी हळू पोहोचतात आणि गिळलेला जंतू मारण्याची त्यांची क्षमता उणावते. पण जस्त जंतूंनाही हवेच असते. म्हणून संसर्ग झाला की शरीर जस्त जंतूंच्या हाती लागू देत नाही. न्यूट्रोफिल कॅल्प्रोटेक्टिन नावाचे प्रथिन बाहेर सोडून आसपासचे जस्त बांधून टाकतात, तर इंटरल्युकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाच्या इशाऱ्यावर यकृत रक्तातील जस्त ओढून घेऊन मेटॅलोथायोनिन या प्रथिनात अडकवून ठेवते. काही तासांत रक्तातील जस्ताची पातळी खाली येते. हा बिघाड नव्हे. संसर्गाविरुद्ध शरीराने केलेली ती व्यवस्था आहे.

म्हणून हगवण आणि ताप असलेल्या दोन पिल्लांच्या रक्तात जस्त कमी निघाले, एवढ्यावरून त्यांच्या खाद्यात जस्त कमी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. आजारामुळे ते कमी झाले असेल किंवा कमी असल्यामुळे आजार बळावला असेल, आणि एकटा रक्ताचा आकडा या दोहोंत भेद करू शकत नाही. पुन्हा तपासणी करायची असेल तर त्याच वयाच्या, निरोगी दिसणाऱ्या सहा-आठ पिल्लांचे रक्त घ्यावे, ते सूक्ष्म खनिजांच्या तपासणीसाठी असलेल्या खास नळीतच घ्यावे आणि नमुन्यातील तांबड्या पेशी फुटणार नाहीत याची काळजी घ्यावी. साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात उतरते आणि फुटलेल्या तांबड्या पेशींतूनही ते बाहेर येते, त्यामुळे खरी कमतरता झाकली जाऊ शकते. त्याबरोबर खाद्याचा नमुनाही प्रयोगशाळेत पाठवावा. माझ्या मते खाद्याचा अहवाल रक्ताच्या अहवालापेक्षा अधिक विश्वासाने वाचता येतो.

आता दूध तोडण्याच्या त्या आठ-दहा दिवसांकडे येतो. डुकराच्या मादीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. पिल्लू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्माला येते आणि पहिल्या २४ ते ३६ तासांत पोटात गेलेल्या चिकातून त्याला संरक्षण मिळते. त्यानंतर आतडे मोठी प्रथिने रक्तात घेणे बंद करते, मात्र आईच्या दुधातील प्रतिपिंडे आतड्याच्या आतल्या बाजूला रोज पहारा देत राहतात. चौथ्या आठवड्यात आपण दूध तोडतो तेव्हा हा पहारा एका दिवसात उठतो. चिकातून रक्तात आलेली प्रतिपिंडे तोपर्यंत बरीच उतरलेली असतात आणि पिल्लाच्या स्वतःच्या आतड्यातील लसिका पेशी अजून संख्येने थोड्या व अननुभवी असतात. त्यातच नवी जागा, नवी सोबत आणि कोरडे खाद्य यांमुळे पिल्लू पहिले एक-दोन दिवस जवळजवळ खातच नाही, आतड्यातील शोषण करणारे अंकुर आखूड होतात आणि ई-कोलाय या जंतूचे एफ-४ व एफ-१८ हे आतड्याला चिकटणारे प्रकार वाढायला अनुकूल जागा मिळते.

जस्ताचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. खाद्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम जस्त असले, तरी पिल्लाने दिवसाला १०० ग्रॅमच खाद्य खाल्ले तर त्याच्या पोटात फक्त १० मिलिग्रॅम जाते, आणि हगवणीत त्यातलेही बरेच बाहेर पडते. म्हणजे ज्या आठवड्यात प्रतिकारक पेशींना सर्वांत वेगाने वाढायचे असते, त्याच आठवड्यात त्यांचा पुरवठा आटतो. म्हणूनच काही अभ्यासकांच्या मते दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत पिल्लांची गरज नेहमीच्या शिफारशीपेक्षा बरीच जास्त असावी. हे मत मला पटते, पण ते त्या एक-दोन आठवड्यांपुरतेच आहे आणि त्यावरून विक्रीपर्यंतच्या मात्रेचे समर्थन होत नाही.

आपल्याला सुचवलेली २५०० मिलिग्रॅमची मात्रा आली कोठून? १९८०च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधील संशोधनात असे दिसले की दूध तोडल्यानंतर सुमारे दोन आठवडे एवढ्या मात्रेत झिंक ऑक्साइड दिल्यास हगवण स्पष्टपणे कमी होते. हा परिणाम खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो मुख्यतः आतड्याच्या पोकळीत आणि अस्तरात घडतो. जंतूंची संख्या व जात बदलते, अस्तरातील पेशींमधले सांधे घट्ट राहतात, दाह कमी होतो आणि पिल्लू अधिक खाते. प्रतिकारक पेशींना बळ मिळाल्यामुळे हे सर्व घडते, असे म्हणता येत नाही. बर्लिनमधील संशोधकांनी अशी मात्रा पिल्लांना काही आठवडे सलग देऊन पाहिली, तेव्हा टी-पेशींवरील सुरुवातीचा अनुकूल परिणाम टिकला नाही आणि दोन आठवड्यांपलीकडे यकृत, मूत्रपिंड व स्वादुपिंड यांत जस्त साचत गेले. दाह आवरण्याचे जस्ताचे कार्य योग्य मात्रेत उपकारक असते, पण तेच अतिरेकाने टी-पेशींचा आवश्यक प्रतिसादही दाबू शकते.

दीर्घकाळच्या मोठ्या मात्रेला आणखी तीन अडचणी आहेत. पहिली तांब्याची. जास्त जस्तामुळे आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन वाढते, ते तांब्याला अधिक घट्ट पकडते आणि ती पेशी गळून पडली की तांबे विष्ठेवाटे निघून जाते. काही आठवड्यांनी रक्तक्षय दिसू लागतो आणि तांब्याअभावी न्यूट्रोफिलही घटतात, म्हणजे ज्या पेशी वाढवण्यासाठी जस्त घातले त्याच कमी होतात. दुसरी अडचण प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची आहे. मोठ्या मात्रेत जस्त दिलेल्या पिल्लांच्या आतड्यात अनेक औषधांना दाद न देणाऱ्या ई-कोलायचे प्रमाण वाढल्याचे आढळले आहे, आणि डुकरांत सापडणाऱ्या एका स्टॅफिलोकॉकसमध्ये तर जस्ताला तोंड देणारे जनुक मेथिसिलिन या प्रतिजैविकाला तोंड देणाऱ्या जनुकाच्या शेजारीच बसलेले असते. तिसरी अडचण मातीची, कारण खाल्लेल्या जस्ताचा फार मोठा वाटा शेणखतातून शेतात जातो आणि तेथे तो विघटित होत नाही. या कारणांमुळे युरोपीय आयोगाने २०१७ च्या जूनमध्ये औषधी मात्रेतील झिंक ऑक्साइडची परवानगी मागे घेण्याचा निर्णय घेतला आणि २०२२ च्या जूनपासून तेथे ते पूर्ण थांबले. आता तेथे पिल्ले व माद्या यांच्या खाद्यात एकूण जस्ताची मर्यादा किलोमागे १५० मिलिग्रॅम आणि इतर डुकरांसाठी १२० मिलिग्रॅम आहे. आपल्या भागात कोणता नियम लागू आहे, हे पशुवैद्यकाकडून विचारून घ्यावे.

मग किती द्यावे? अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार पाच ते अकरा किलो वजनाच्या पिल्लाला खाद्याच्या किलोमागे १०० मिलिग्रॅम, अकरा ते पंचवीस किलोपर्यंत ८०, पुढे पन्नास किलोपर्यंत ६० आणि त्यानंतर ५० मिलिग्रॅम जस्त पुरते. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला १०० मिलिग्रॅम लागते. मादीचा आकडा आपण विसरू नये, कारण पिल्लू जन्माला येते तेव्हा त्याच्या अंगातील जस्त आणि त्याला मिळणारा चीक हे दोन्ही तिच्याकडून आलेले असतात. मका व सोयाबीन पेंडीच्या खाद्यात मुळात किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम जस्त असते, परंतु त्यातील पुष्कळसे फायटेट या धान्यातीलच संयुगाने बांधलेले असते, म्हणून हिशेब करताना ते जवळजवळ धरू नये आणि शिफारशीइतके जस्त खनिज मिश्रणातूनच मिळेल असे पाहावे.

येथे एक व्यावहारिक चूक वारंवार होते, ती म्हणजे क्षार आणि त्यातील जस्त यांची गल्लत. खाद्यासाठीच्या झिंक ऑक्साइडमध्ये सुमारे ७२ टक्के जस्त असते, तर एक-जलीय झिंक सल्फेटमध्ये सुमारे ३५ टक्के. एक टन खाद्यात १०० ग्रॅम जस्त हवे असेल, म्हणजेच किलोमागे १०० मिलिग्रॅम, तर ऑक्साइड सुमारे १४० ग्रॅम किंवा सल्फेट सुमारे २८५ ग्रॅम लागेल. आपल्याला सुचवलेल्या मात्रेसाठी हेच ऑक्साइड टनामागे जवळपास साडेतीन किलो होते. पोत्यावर जे लिहिले आहे ते क्षाराचे वजन आहे की शुद्ध जस्ताचे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. सल्फेटमधील जस्त ऑक्साइडपेक्षा अधिक शोषले जाते. मेथिओनिन किंवा ग्लायसिन यांच्याशी जोडलेले सेंद्रिय जस्त फायटेट जास्त असलेल्या खाद्यात काही वेळा फायद्याचे ठरते, मात्र खाद्य नीट जुळवलेले असेल तर त्यासाठी वेगळा खर्च करण्याची घाई मी करणार नाही.

मात्रेइतकेच शोषण महत्त्वाचे आहे. फायटेटला फोडणारे फायटेज हे विकर खाद्यात किलोमागे सुमारे ५०० एकक घातले, तर बांधलेले जस्त मोकळे होते. कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त झाले, तर फायटेट, कॅल्शियम आणि जस्त यांचा न विरघळणारा गोळा बनतो आणि चांगल्या मात्रेतील जस्तही वाया जाते. वाढत्या डुकरांच्या खाद्यात वयानुसार साधारण ०.६ ते ०.८ टक्के कॅल्शियम असावे. चुनखडीची पूड अंदाजाने टाकली जात असेल, तर ती पद्धत आधी बंद करावी.

हगवणीसाठी मी सर्वप्रथम विष्ठेचा नमुना तपासून घेईन. एफ-४ किंवा एफ-१८ ई-कोलाय निघाले, तर दूध तोडण्याआधी तोंडावाटे देता येणारी जिवंत लस काही देशांत मिळते, तिच्याविषयी पशुवैद्यकाशी बोलावे. पिल्ले आईजवळ असतानाच, दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना थोडे-थोडे कोरडे खाद्य दाखवावे, म्हणजे दूध तुटल्यावर त्यांचा उपास लांबत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत खाद्यातील प्रथिने १८ टक्क्यांच्या आसपास ठेवून आवश्यक अमिनो आम्ले वेगळी घालावीत, कारण न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात जंतूंचे अन्न होते. जागा कोरडी व उबदार असावी आणि दोन तुकड्यांच्या मधे ती धुऊन काही दिवस रिकामी ठेवावी. शक्य असल्यास दूध तोडण्याचे वय काही दिवसांनी वाढवून पाहावे. अठ्ठाविसाव्या आणि पस्तिसाव्या दिवसाच्या पिल्लाच्या आतड्यातील प्रतिकारशक्तीत मोठा फरक असतो. एवढे करूनही पशुवैद्यकाने काही काळ मोठ्या मात्रेत ऑक्साइड लिहून दिले आणि नियम त्याला परवानगी देत असले, तर ते चौदा दिवसांवर एक दिवसही चालू राहू नये.

राहिला खपल्यांचा प्रश्न. जस्ताच्या अभावातील खपल्या साधारणपणे दोन्ही बाजूंना सारख्या, पाय, पोट आणि मांडीच्या आतील भागावर दिसतात आणि जनावर फारसे खाजवत नाही. खरजेत मात्र ते भिंतीला अंग घासत राहते आणि कानांच्या आतील बाजूस कवच धरलेले दिसते. पशुवैद्यकाकडून कातडी खरवडून खरजेच्या किडीसाठी तपासून घ्यावी. कीड नसेल, तर त्या गटाच्या खाद्यातील कॅल्शियम व जस्त दोन्ही मोजावे, कॅल्शियम योग्य पातळीवर आणावे आणि जस्त किलोमागे १०० मिलिग्रॅमवर ठेवावे. कारण जस्ताचे असेल, तर भूक काही दिवसांत सुधारते आणि कातडी दोन-तीन आठवड्यांत साफ होऊ लागते. तेवढ्या काळात फरक पडला नाही, तर जस्त वाढवत न जाता कातडीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवावा, आणि त्याच वेळी खाद्यातील तांबे किलोमागे ५ ते ६ मिलिग्रॅमच्या खाली गेलेले नाही, हेही पाहून घ्यावे.